जंगलातील केबिनमध्ये तीन रात्री : सामानाची यादी करण्यापूर्वी

प्रश्न : येत्या हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही डोंगराळ, दाट जंगलातील एका लाकडी केबिनमध्ये तीन रात्री राहण्याचा विचार करत आहोत. मी, माझे यजमान, 5 व 9 वर्षांची दोन मुले, 68 वर्षांच्या सासूबाई आणि माझे धाकटे दीर असे आम्ही सहा जण आहोत. केबिनच्या माहितीत ‘सर्व मूलभूत सोयी उपलब्ध’ एवढेच लिहिले आहे. माझी सामानाची यादी काही केल्या संपत नाही. यजमान म्हणतात, केबिन म्हणजे घरच की, एवढे कशाला न्यायचे? दिरांनी तर रोजचे दोन-दोन ट्रेक आखून ठेवले आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते, म्हणून ‘मी नाही आले तरी चालेल’ असे त्या म्हणू लागल्या आहेत. आमच्यापैकी कोणालाच अशा मुक्कामाचा अनुभव नाही. तयारी कोठून सुरू करावी? आणि सासूबाईंना न्यावे का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

यादी काही दिवस बाजूला ठेवा आणि आधी केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला फोन करा. जी जागा पाहिलेली नाही आणि जिच्याविषयी धड माहितीही नाही, तिच्यासाठी सामान ठरवायला बसले की प्रत्येक शंकेपोटी एक वस्तू वाढते. म्हणून तुमची यादी संपत नाही. ‘केबिन म्हणजे घरच’ हे तुमच्या यजमानांचे म्हणणेही त्याच अपुऱ्या माहितीवर उभे आहे. काही केबिनमध्ये वीज, गरम पाणी, गादी-पांघरूण आणि भांड्यांसह स्वयंपाकघर असते. काही केबिन म्हणजे चार भिंती, छप्पर, लाकडी बंक (एकावर एक बसवलेल्या खाटा) आणि लोखंडी शेगडी, बस्स. दोन्हींच्या माहितीत ‘मूलभूत सोयी’ हे शब्द सारख्याच निर्धास्तपणे छापलेले असतात. त्यामुळे पाणी कोठून येते आणि ते पिण्याजोगे आहे का, संडास केबिनच्या आत आहे की बाहेर, खोली कशाने गरम होते, स्वयंपाक कशावर करायचा, अंथरूण-पांघरूण मिळते का, वीज दिवसभर असते की ठरावीक तास, गाडी दारापर्यंत जाते का आणि मोबाइलला रेंज कोठे मिळते, एवढे नेमके विचारा. उत्तरे लिहून घ्या आणि शक्य असल्यास आतले व आवारातले फोटो मागवा. यादीचा अर्धा भाग या उत्तरांतून आपोआप गळून पडेल.

आता सासूबाईंविषयी. माझे मत विचाराल तर त्यांना जरूर न्यावे, पण त्यासाठी केबिन त्यांच्या गरजेप्रमाणे निवडावी लागेल, आणि ती गरज मुख्यतः संडासाची आहे. संडास आवारात वीस-तीस पावलांवर असेल, तर दिवसा त्याचे काहीच वाटत नाही. पण मध्यरात्री, कडाक्याच्या थंडीत, दवाने निसरड्या झालेल्या लाकडी पायऱ्या उतरून, हातात टॉर्च धरून दोन-तीनदा तिथे जाणे हे दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला अवघड आणि धोक्याचे आहे. अशा वेळी वृद्ध माणसे संध्याकाळपासून पाणी पिणेच बंद करतात, कोणाला सांगत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डोकेदुखी व थकवा जाणवतो. ‘मी नाही आले तरी चालेल’ या त्यांच्या बोलण्यामागे बहुधा हाच संकोच आहे, न येण्याची इच्छा नव्हे. तेव्हा संडास आतच असलेली केबिन मिळते का ते पाहा, मग ती जंगलात थोडी कमी आत असली तरी चालेल. तशी मिळालीच नाही, तर आडोशाला ठेवता येईल अशी घडीची कमोड खुर्ची बरोबर न्या आणि त्याविषयी त्यांच्याशी निघण्यापूर्वीच, एकांतात, मोकळेपणाने बोला. संडासाला कमोड आहे की उकिडवे बसावे लागते, पायऱ्यांना कठडा आहे का, आणि गाडी थांबते तिथून दारापर्यंत चढ किती आहे, हेही फोनवर विचारा. त्यांचा बिछाना खालच्या बंकवर, शेगडीपासून सुरक्षित अंतरावर आणि दाराकडे जाण्याची वाट मोकळी राहील असा ठेवा. उशाशी त्यांचा स्वतःचा टॉर्च असू द्या. पाच वर्षांच्या मुलालाही खालीच झोपवा. सहा वर्षांखालील मुलांना वरच्या बंकवर झोपवू नये हा सर्वमान्य नियम आहे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि तो करावाच. पिणे, स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छता मिळून माणशी रोज किमान 4 लिटर धरा. सहा जणांना रोजचे 24 आणि तीन दिवसांचे 72 लिटर पाणी लागेल. आंघोळ आणि भांडी यांचे पाणी यात धरलेले नाही. केबिनमधील नळाचे पाणी पिण्याजोगे असेल तर प्रश्न मिटला. ते झऱ्याचे किंवा विहिरीचे असेल, तर कितीही नितळ दिसले तरी उकळूनच प्या. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरहून अधिक उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तिथे तीन मिनिटे द्यावीत. जंतू याने मरतात, पण रसायने आणि धातू जात नाहीत. त्यामुळे पाण्याला विचित्र वास किंवा रंग असेल तर ते उकळूनही वापरू नका. पहिल्या रात्रीपुरते पाणी मात्र गाडीत असलेच पाहिजे, कारण पोहोचल्यावर पंप बंद असणे किंवा थंडीने नळ गोठणे यात नवल काहीच नसते.

थंडी आणि शेगडी हा या सहलीचा खरा गाभा आहे आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे. उंचीबरोबर तापमान सरासरी दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे पायथ्याच्या गावाचा हवामान अंदाज पाहून कपडे ठरवू नका. केबिनची उंची विचारून घ्या आणि फरक काढा. बंद पडून राहिलेली केबिन आतूनही बाहेरइतकीच गार असते आणि ती नीट तापायला दोन-तीन तास लागू शकतात. पोहोचल्याबरोबर एकाने शेगडी पेटवायची, बाकीच्यांनी सामान उतरवायचे, अशी वाटणी आधीच करून ठेवा.

शेगडी लाकडाची असेल तर जळण कोरडे असणे सर्वांत महत्त्वाचे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. नीट जळण्यासाठी ते वीस टक्क्यांच्या खाली यावे लागते, आणि त्याला बहुतेक लाकडांच्या बाबतीत सहा महिने ते वर्षभर वाळवण लागते. सुके लाकूड हाताने ओळखता येते. त्याच्या कापलेल्या टोकांना मधून बाहेर पसरणाऱ्या चिरा पडलेल्या असतात, साल बोटाने ओढली तरी सुटते, आकाराच्या मानाने ते हलके लागते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणत्कार होतो. ओल्याचा आवाज बद्द येतो; ते पेटवले की टोकांतून फेस आणि वाफ निघते, धूर होतो आणि खोली काही तापत नाही. जळण केबिनवर मिळते का ते विचारा आणि मिळत असेल तर तिथलेच वापरा. दूरवरून जळण गाडीत भरून नेऊ नका, कारण लाकडातून झाडांना मारणारे किडे आणि बुरशी नव्या जंगलात पोहोचतात. अमेरिकेत 2002 साली मिशिगनमध्ये आढळलेला, ॲश वृक्ष पोखरणारा हिरवा भुंगेरा पुढे अनेक राज्यांत पसरला, त्यात लोकांनी वाहून नेलेल्या जळाऊ लाकडाचा मोठा वाटा होता. जंगलातील उभी झाडे किंवा फांद्या तोडणे तर कोठेच करू नये. पडलेली लाकडे गोळा करण्यासही अनेक जंगलांत मनाई असते.

शेगडी पेटवण्यापूर्वी धुराड्याची झडप उघडी आहे याची खात्री करा. आधी कागद आणि काटक्या, मग बोटाएवढ्या फांद्या, आणि त्या नीट पेटल्यावरच ओंडके, हा क्रम पाळला तर रॉकेल-पेट्रोलसारख्या घातक गोष्टींची आठवणही येणार नाही. कपडे शेगडीच्या अगदी वर वाळत घालू नका. मुलांसाठी शेगडीभोवती एक मीटरची हद्द ठरवा आणि ती पहिल्याच संध्याकाळी त्यांना प्रत्यक्ष चालून दाखवा.

आणि आता जी गोष्ट मी तुम्हा सर्वांनी, विशेषतः तुमच्या यजमानांनी, लक्षपूर्वक वाचावी असे मला वाटते ती सांगतो. बंद खोलीत काहीही जळत असेल, मग ते लाकूड असो, कोळसा असो वा गॅस, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे आणि झोप येणे ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखी किंवा बाहेरचे खाणे बाधल्यासारखी दिसतात, आणि म्हणूनच माणसे ती अंगावर काढून झोपी जातात. एकाच खोलीतील दोघा-तिघांना एकदम असा त्रास होऊ लागला आणि कोणालाच ताप नसेल, तर वेळ न दवडता सर्वांनी मोकळ्या हवेत यायचे आणि वैद्यकीय मदत मिळवायची. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तळहाताएवढा असतो. तो विकत घ्या, घरी तपासा आणि केबिनमध्ये झोपण्याच्या खोलीत ठेवा. निखाऱ्यांची घमेली किंवा कोळशाची बार्बेक्यू शेगडी ऊब मिळावी म्हणून आत आणू नका. ज्वाळा विझल्यावरही निखारे हा वायू सोडतच राहतात. पावसामुळे बाहेर स्वयंपाक होत नाही म्हणून बाहेरचा कॅम्पिंग स्टोव्ह आत पेटवणे, हेही तितकेच चूक आहे. तुमच्या यादीत एकच वस्तू ठेवायची झाली तर मी हा अलार्म ठेवीन.

झोपण्याच्या सामानात स्लीपिंग बॅगवर छापलेले तापमान नीट वाचा. त्यावर बहुधा तीन आकडे असतात. त्यांतील ‘कम्फर्ट’ हा आकडा तुमच्या उपयोगाचा. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा जेमतेम जीव तगण्याचा आहे, सुखाने झोपण्याचा नव्हे, आणि जाहिरातीत कधी कधी तोच ठळक असतो. थंडी खालूनही लागते, कारण अंगाच्या वजनाने बॅगचा खालचा भाग दबून त्यातील हवा निघून जाते. बंकवर गादी नसेल तर प्रत्येकासाठी फोमची मॅट हवी. कपडे सुती नकोत, कारण ओला सुती कपडा अंगाची ऊब ओढून घेतो. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, एकावर एक घालता-काढता येतील असे थर असावेत, आणि प्रत्येकाचा एक पूर्ण कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवावा. मुले आणि वृद्ध यांना थंडी लवकर बाधते. शरीराचे तापमान 35 अंशांखाली गेले की माणूस अडखळत बोलू लागतो, हात नीट चालत नाहीत, आणि पुढे तर कुडकुडणेही थांबते. त्या वेळी ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, शुद्ध पूर्ण असेल तरच गरम गोड पेय द्यावे, हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये, आणि डॉक्टरांकडे नेण्याची तयारी करावी.

खाण्याच्या तयारीविषयी फार लिहीत नाही; एका भांड्यात होणारे, तुमच्या घरात सर्वांना आवडणारे पदार्थ ठरवा, कोरडे जिन्नस घरूनच मोजून, जेवणाप्रमाणे पिशव्या करून न्या आणि एका दिवसाचे जास्तीचे खाणे ठेवा. न पेटवता खाता येईल असे एक जेवण पहिल्या रात्रीसाठी वेगळे काढा. अन्न आणि कचरा मात्र रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, केबिनच्या आत, बंद असला पाहिजे. अस्वले असलेल्या भागात ते गाडीतही ठेवायचे नसते. स्थानिक वनरक्षक सांगतील तो नियम पाळावा. त्याहून अधिक वेळा गाठ पडते ती उंदरांशी. केबिनमध्ये उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर झाडू घेऊन कोरडे झाडू नका. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, मग हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण त्यावर शिंपडा, पाच मिनिटे भिजू द्या आणि कागदाने पुसून घ्या. 2012 साली अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मुक्काम केलेल्या 10 पर्यटकांना उंदरांमुळे पसरणाऱ्या हंताव्हायरस या विषाणूची लागण झाली आणि त्यांतील 3 दगावले; बहुतेक जण राहिले होते त्या दुहेरी भिंतींच्या कापडी केबिनच्या पोकळीत उंदरांनी बस्तान बसवले होते. हा विषाणू सर्वत्र नसतो, पण उंदरांमुळे होणारे इतरही आजार आहेत आणि ही सवय कोठेही उपयोगाचीच ठरते.

प्रवास असा आखा की सूर्यास्तापूर्वी किमान तीन तास तुम्ही केबिनवर असाल. दाट झाडीत आणि दरीत अंधार पंचांगातल्या वेळेची वाट पाहत नाही. अखेरचा रस्ता सापडणे, जळण तपासणे, पाणी भरणे, संडासाची वाट मुलांना दाखवणे ही कामे उजेडात अर्ध्या वेळात होतात. रस्त्याचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. जीपीएस रेंजशिवाय चालते, पण नकाशा नसेल तर पडद्यावर नुसता एक ठिपका दिसतो. कागदी नकाशाही असावा. रेंज शोधत राहिल्याने फोनची बॅटरी झपाट्याने उतरते आणि थंडीने आणखी, म्हणून तो फ्लाइट मोडवर आणि अंगाजवळच्या खिशात ठेवा. प्रत्येकाला स्वतःचा हेडलॅम्प हवा, कारण एकच टॉर्च सहा जणांत फिरत राहिला की ज्याला खरी गरज असते त्याच्या हाती तो कधीच नसतो.

दिरांच्या ट्रेकविषयी थोडे स्पष्ट बोलतो. त्यांचा उत्साह मला आवडला, आणि सहलीत असा एक जण असावाच. पण रोज दोन ट्रेक हा बेत सहा जणांचा नाही, एकट्याचा आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास लागतो, पण तो हिशेब धडधाकट, न थांबता चालणाऱ्या प्रौढाचा आहे. पाच वर्षांचे मूल बरोबर असेल तर तोच वेळ दुप्पट धरा. म्हणजे सहा किलोमीटर अंतर आणि तीनशे मीटर चढ असलेली वाट दिरांना पावणेदोन तासांची वाटेल, तुम्हा सर्वांना ती साडेतीन तासांची होईल, आणि त्यात थांबणे, खाणे, एखाद्या बुंध्यावरची बुरशी पाहत बसणे धरलेले नाही. मुलांना तर नेमके तेच पाहायचे असते. सर्वांनी मिळून दिवसाला एकच छोटी वाट आणि दुपारनंतरचा वेळ मोकळा, असे ठरवा. दिरांनी मोठ्या ट्रेकला हवे तर तुमच्या यजमानांबरोबर एक सकाळ जावे, एकट्याने नव्हे, आणि त्या दिवशी गाडीची किल्ली व गाडी चालवू शकणारी व्यक्ती केबिनवरच राहावी. मागे राहणाऱ्यांना त्यांनी वाट आणि परतण्याची वेळ लिहून द्यावी. प्रत्येकाच्या, मुलांच्याही, गळ्यात शिट्टी असावी; तीन वेळा शिट्टी, थोडे थांबून पुन्हा तीन वेळा, हा मदतीचा अनेक ठिकाणी ओळखला जाणारा इशारा आहे. वाट चुकल्यास मुलांनी जागच्या जागी थांबून, एखाद्या झाडाला धरून, शिट्टी वाजवत राहायचे, हे निघण्यापूर्वी घरीच दोन-चारदा करून घ्या.

औषधांत सासूबाईंच्या रोजच्या गोळ्या दोन जास्तीच्या दिवसांच्या घ्या आणि त्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, तिथे गाडीने किती वेळ लागतो आणि फोन लागण्यासाठी कोठवर जावे लागते, हे कागदावर लिहून केबिनच्या दारामागे चिकटवा. घबराटीत मोठ्या माणसांनाही हे आठवत नाही.

निघताना शेगडीतील राखेकडे लक्ष द्या. वरून पांढरी पडलेली राख आत दिवसेंदिवस धगधगती राहू शकते. ती धातूच्या झाकणाच्या बादलीत काढून लाकडी ओट्यावर न ठेवता मोकळ्या जमिनीवर ठेवायची असते. बाहेर शेकोटी केली असेल तर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते पाहा. गॅसची टाकी बंद करा, खिडक्या लावा, कचरा परत न्या.

सहलीचा सगळा तपशील, म्हणजे केबिनचा पत्ता, गाडीचा क्रमांक, परतीचा दिवस आणि किती वाजेपर्यंत कळवले नाही तर मदत मागवायची ती वेळ, घरी थांबलेल्या एखाद्या जबाबदार नातेवाइकाकडे लिहून द्या. परत रेंजमध्ये आल्यावर सर्वांत पहिला फोन त्यांना करा, नाहीतर तुम्ही वाटेत निवांत जेवत असताना तिकडे तुमच्या शोधासाठी माणसे बाहेर पडलेली असतील.